गुंडाळा, पण पाय मोकळे सोडा

डिस्चार्जच्या दिवशी आमच्या वॉर्डात हमखास दिसणारं दृश्य सांगते. बाळाची आई खाटेच्या कडेला बसलेली, पिशव्या भरून झालेल्या, खाली रिक्षा थांबलेली, आणि आजी बाळाला मांडीवर घेऊन जुन्या कॉटनच्या साडीचा मऊ तुकडा पसरतात. बाळाचे हात छातीशी घेतात, एक पदर आडवा, मग दुसरा. इथपर्यंत सगळं छान. मग दोन्ही पाय धरून खाली ओढतात, गुडघे सरळ, टाचेला टाच, आणि वरून एक नाडी. रडून लालबुंद झालेलं बाळ दोन मिनिटांत गप्प होऊन झोपतं आणि आजी माझ्याकडे बघून म्हणतात, "बघा सिस्टर, कसं शांत झालं." मी म्हणते, "शांत झालं ते हातांमुळे, आजी. पायाची नाडी सोडा."

मग तिथेच चर्चा सुरू होते. आजी म्हणतात आम्ही चार मुलं अशीच वाढवली, मालिशवाल्या मावशी म्हणतात पाय बांधले नाहीत तर वाकडे राहतील, बाळाच्या मामीने रीलवर पाहिलेलं असतं की गुंडाळणं एकदम डेंजरस, आणि मामाने तोपर्यंत ऑनलाइन वेल्क्रोवालं स्वॅडल, म्हणजे बाळाला गुंडाळायचं तयार कापड, मागवलेलंही असतं. आणि ह्या सगळ्यांच्या मधे ती आठ दिवसांची बाळंतीण, धड झोप नाही, टाके दुखतायत, तिला कळत नाही कुणाचं ऐकायचं. मी बारा वर्षं नवजात बाळांच्या कक्षात काम करतेय, डॉक्टर नाही, नर्स आहे, पण बाळाला गुंडाळायचं की नाही आणि कसं, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं.

आधी हे गुंडाळणं म्हणजे काय ते

स्वॅडलिंग हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो, त्याचा अर्थ एवढाच की बाळाला पातळ कपड्यात असं गुंडाळायचं की फक्त डोकं बाहेर राहील आणि हात इकडेतिकडे उडणार नाहीत. आपल्याकडे दुपट्यात गुंडाळणं म्हणतात, काही घरांत नुसतं "बाळाला बांधलं का" असंच विचारतात. हे काही फक्त आपलं नाही. रशियात, तुर्कस्तानात, मंगोलियात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, अमेरिकेतले नवाहो लोक बाळाला लाकडी फळीवर बांधून पाठीला लावायचे. इटलीत फ्लॉरेन्स गावात अनाथ बाळांसाठी पंधराव्या शतकात बांधलेली एक जुनी संस्था आहे, तिच्या भिंतीवर पट्ट्यांनी गुंडाळलेल्या बाळांची गोल चित्रं आहेत, भाजलेल्या मातीची, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं बोधचिन्हसुद्धा त्यातल्याच एका बाळावरून घेतलेलं आहे. म्हणजे ही गावंढळ पद्धत आहे वगैरे जे कुणी म्हणतं त्यात काही अर्थ नाही. थंडी, रडणं आणि आईला हात रिकामे हवेत, ह्या तीन गोष्टी जगात सगळीकडे सारख्याच.

बाळ एवढं पटकन शांत का होतं

तुम्हाला झोप लागता लागता कधी पायरी चुकल्यासारखं होऊन दचकायला झालंय ना? बाळाला ते दिवसातून कितीतरी वेळा होतं. दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, किंवा आपण हातातून खाली ठेवताना डोकं जरासं मागे गेलं, की त्याचे दोन्ही हात बाजूला फेकले जातात, बोटं पसरतात, मग मिठी मारल्यासारखे हात परत आत येतात आणि पाठोपाठ रडणं. ह्याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात, अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९१८ साली ह्याचं वर्णन केलं म्हणून. मी पुढे नुसतं दचकणं म्हणते. हे दचकणं चांगलं असतं, मेंदू आणि नसा नीट काम करतायत ह्याची ती खूण, म्हणून डॉक्टर मुद्दाम तपासून बघतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते आपोआप जातं. (एकच हात उडत असेल आणि दुसरा उडतच नसेल तर मात्र लगेच दाखवा.)

घरात ह्यालाच "घाबरलंय", "नजर लागली" म्हणतात आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. ओवाळा, त्याने काही बिघडत नाही, पण बाळ घाबरलेलं नसतं, त्याचे स्वतःचे हातच त्याला उठवत असतात.

आता विचार करा, एसटीत उभ्याने प्रवास करताना बस गच्च भरलेली असेल तर ब्रेक लागला तरी आपण पडत नाही, कारण चारी बाजूंनी माणसं असतात. तीच बस पुढच्या स्टॉपवर रिकामी झाली आणि धरायला दांडा नाही, की प्रत्येक ब्रेकला आपला तोल जातो. पोटातले शेवटचे दोन महिने बाळ अशाच गच्च बसमधे असतं, हात हलवला की कुठेतरी टेकतो. बाहेर आल्यावर एकदम सगळं रिकामं. दुपटं ती गर्दी थोड्या वेळासाठी परत आणतं, दचकलं तरी हात टेकतो आणि झोप मोडत नाही. गुंडाळलेली बाळं मधेमधे कमी उठतात आणि सलग जास्त झोपतात, हे अभ्यासांतही दिसलंय. आम्ही स्वतः कक्षात हे वापरतो, टाचेतून रक्त घ्यायचं असेल तर बाळाला आधी गुंडाळतो, एक पाय बाहेर, काम झालं की तेच दुपटं घट्ट धरून छातीशी घ्यायचं, लवकर शांत होतं.

पण ह्या सगळ्यात पायाचा कुठे संबंध आला? आलाच नाही. काम हातांचं आहे. बाळ शांत होण्यासाठी पाय सरळ बांधायची गरजच नसते, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

खुब्याची गोष्ट, ही जरा सावकाश वाचा

मांडीचं हाड वर जिथे कमरेला जोडलेलं असतं तो खुब्याचा सांधा. हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल, आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी एक वाटी. मोठ्या माणसात ही वाटी खोल आणि कडक असते. नवजात बाळात ती उथळ असते आणि बरीचशी कूर्चेची असते, म्हणजे आपल्या कानाची वरची कड असते ना, बोटाने वाकते अशी, साधारण तसली. कुंभाराच्या चाकावरची ओली वाटी समजा. चेंडू वाटीच्या मधोमध बसून राहिला तर वाटी त्याच्याभोवती गोल आणि खोल घडत जाते. चेंडू सतत कडेला दाबला जात असेल तर वाटी पसरट होते आणि मग चेंडू धरून ठेवणारं काही उरत नाही.

चेंडू मधोमध कधी बसतो? पाय बेडकासारखे असतात तेव्हा. गुडघे वाकलेले, वर आलेले, मांड्या बाहेरच्या बाजूला पडलेल्या. नवजात बाळाला दुपट्यातून सोडून नुसतं ठेवा, ते आपणहून असेच पाय घेतं, कारण पोटात नऊ महिने तसंच होतं, मांडीचे पुढचे मागचे सगळे स्नायू त्याच लांबीला जुळलेले असतात. आता ते पाय धरून सरळ ओढले, जवळ आणले आणि तासन् तास बांधून ठेवले, तर ते आखडलेले स्नायू चेंडूला वाटीतून बाहेरच्या दिशेला ढकलतात. बरं, जन्मतः बऱ्याच बाळांचा हा सांधा थोडा सैल असतो आणि त्यातले बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात. म्हणजे निसर्ग दुरुस्ती करत असतो त्याच आठवड्यांत आपण पाय बांधतो. मला ह्यातलं सगळ्यात जास्त हेच खुपतं.

वाटी नीट न घडणं किंवा चेंडू निसटणं, ह्याला डॉक्टर डीडीएच म्हणतात, कागदावर लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, खुब्याचा सांधा नीट न बनणं एवढाच अर्थ. हा त्रास फक्त बांधण्याने होतो असं मुळीच नाही. मुलींमधे जास्त, पहिल्या बाळात जास्त, घरात आधी कुणाला असेल तर जास्त, आणि पायाळू बाळात, म्हणजे पोटात पाय किंवा कुल्ले खाली असलेल्या बाळात, बरंच जास्त. बांधणं ही त्यावरची भर. पण ती भर किती मोठी असते ते जपानने दाखवलं. तिथे बाळाचे पाय सरळ ठेवून गुंडाळायची पद्धत होती, १९७५ च्या सुमारास देशभर आयांना आणि आज्यांना सांगायला सुरुवात केली की पाय सरळ करू नका, त्यांना हलू द्या, आणि खुबा निसटलेल्या बाळांचं प्रमाण कित्येक पटींनी खाली आलं. नवाहो लोकांत फळीवर बांधलेल्या बाळांत हा त्रास जास्त आढळायचा. उलट आफ्रिकेत जिथे आया बाळाला पाठीवर पाय फाकवून बांधतात तिथे तो फार कमी दिसतो. आपल्याकडेही मान धरायला लागल्यावर बाळाला कडेवर घेतात, दोन पाय दोन बाजूंना, खुब्यासाठी ती उत्तम बैठक.

माझ्या मावसबहिणीची मुलगी चौदाव्या महिन्यात चालायला लागली, तेव्हा सगळे म्हणायचे किती गोड डुलत चालते. ती डुलत नव्हती, लंगडत होती. एक्सरे काढला तर डाव्या खुब्यातला चेंडू वाटीत नव्हताच. पहिलं बाळ, मुलगी, त्यात पायाळू, धोका वाढवणारी कारणं होती, पण जिथे डिलिव्हरी झाली तिथे खुब्याच्या सोनोग्राफीचं कुणी बोललंच नाही, आणि घरी पहिले तीन महिने पाय नाडीने बांधलेले. बांधल्यामुळेच झालं असं कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत, म्हणताही येणार नाही, बाकीची कारणं होतीच. पण ऑपरेशन झालं, नंतर छातीखालपासून पायापर्यंत प्लास्टर, मधे लंगोटापुरती मोकळी जागा, आणि त्या प्लास्टरमधल्या लेकराला घेऊन माझी बहीण जूनच्या दमट हवेत महिनेच्या महिने बसून होती, आत खाज सुटली की ते रडायचं आणि हिला काही करता यायचं नाही. तेच सहा आठवड्यांत कळलं असतं तर कापडी पट्ट्यांचा एक पट्टा असतो, पावलिक हार्नेस म्हणतात, पाय बेडकासारखे धरून ठेवतो, बहुतेक बाळांचं तेवढ्यावर भागतं.

म्हणून लंगोट बदलताना बघत जा. एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नाहीये का, मांडीच्या वळ्या दोन बाजूंना अगदीच वेगळ्या दिसतायत का, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेकवले की एक गुडघा खाली राहतो का. असं काही वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि बाळ पायाळू होतं, अगदी सिझेरियनने झालं असलं तरी, किंवा घरात कुणाला हा त्रास होता, तर काहीही दिसत नसलं तरी सहा आठवड्यांच्या आसपास खुब्याची सोनोग्राफी करायची का हे स्वतःहून विचारा.

"पण पाय बांधले नाहीत तर वाकडे राहतील ना?"

नाही राहत. जन्मतः सगळ्याच बाळांचे पाय थोडे कमानीसारखे असतात, पोटात घडी घालून बसल्यामुळे. साधारण दोन वर्षांपर्यंत ती कमान आपोआप जाते, मग तीन-चार वर्षांचं असताना गुडघे उलट आत यायला लागतात, आई परत घाबरते, आणि सातव्या वर्षापर्यंत तेही बहुतेक सरळ होतं. हा हाडांचा ठरलेला प्रवास आहे, नाडीने त्यात काही फरक पडत नाही. पाय खरंच वाकडे राहण्याचं एक मोठं कारण म्हणजे मुडदूस, आणि ते ड जीवनसत्त्व कमी पडल्याने होतं. म्हणून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. ज्या घरात पाय बांधायला कुणी विसरत नाही त्याच घरात ते थेंब आठवड्यातून चारदा विसरले जातात, हे मी लस द्यायला आलेल्या आयांना विचारून बघितलंय.

"आम्ही सगळे असेच वाढलो, कुणाला काय झालं?"

हा प्रश्न आजी विचारतात आणि मी तो हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात तथ्य आहे. बहुतेकांना खरंच काही झालं नाही. एक तर जुनं धुतलेलं लुगडं मऊ आणि सैल असायचं, ताणलं तरी ढिलं पडायचं. दुसरं, मालिश, न्हाणं आणि शेक झाला की बांधायचे, दोनेक तास झोप झाली की सोडायचे, आणि मग बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर, पुढे कडेवर. दिवसभर वेल्क्रोत नसायचं. आणि तिसरं, ज्यांना झालं त्यांचं आपण वेगळं नाव ठेवलं. गावात एखादी लंगडत चालणारी आत्या, काकू असायचीच, "लहानपणी पाय अधू झाला" एवढंच सांगितलं जायचं, कधी झाला, कशाने झाला, कुणी बघितलंच नव्हतं. तिचा खुबा होता की आणखी काही, आता सांगता येत नाही. पण कुणालाच काही झालं नाही असं आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

झोपवायचं कसं, आणि थांबायचं कधी

ह्यात तडजोड नाही. गुंडाळलेलं बाळ उताणंच झोपवायचं. पालथं नाही, कुशीवरही नाही.

कधीकधी अगदी ठणठणीत बाळ झोपेतच दगावतं आणि तपासणी करूनही कारण सापडत नाही, ह्याला सिड्स म्हणतात. १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. गुंडाळण्याबद्दल चार अभ्यास एकत्र करून २०१६ मधे एक आढावा आला, त्यात गुंडाळून पालथं झोपवलेल्या बाळांत धोका जवळपास १३ पट दिसला, कुशीवर तीन पट, आणि उताणं ठेवूनही जवळपास दुप्पट. शिवाय सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांत जास्त. कारण समजायला सोपं आहे, तोंड गादीत गेलं तर मोकळं बाळ निदान हात टेकून मान वळवायची धडपड करतं, हात बांधलेले असले तर तेही नाही. आणि जी गाढ झोप आपल्याला हवीहवीशी वाटते तीच इथे आड येते, श्वास अडला की बाळाला जाग यायला हवी, ती उशिरा येते. म्हणून गुंडाळल्याने बाळ "सेफ" झोपतं असं कुणी विकत असेल तर ते खोटं आहे. गुंडाळणं आरामासाठी आहे, सुरक्षेसाठी नाही.

"उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर घशात जाईल ना?" हे प्रत्येक आजी विचारते. उताणं असताना श्वासनळी वर असते आणि अन्ननळी खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनळीत शिरायला त्याला चढून जावं लागतं, बाळ ते गिळून टाकतं नाहीतर तोंडातून बाहेर काढतं. पालथं असताना बरोबर उलट, श्वासनळी खाली येते. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग ठेवा. डोकं चपटं होईल म्हणून मोहरीची उशी देतात, ती पण काढा, जागं असताना आणि आपण समोर असताना थोडा थोडा वेळ पालथं खेळवा, डोक्यालाही बरं आणि मानेलाही.

थांबायचं कधी? बाळ पालथं पडायची पहिली चिन्हं दिसली की. पूर्ण पालथं पडण्याची वाट बघायची नाही, एका कुशीवर जोर द्यायला लागलं, कंबर वळवायला लागलं की त्याच दिवसापासून हात बाहेर. बहुतेकांचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होतं, काही त्याच्याही आधी. पालथं पडल्यावर आपल्याकडे घरात किती कौतुक होतं, आत्याला फोन जातो, व्हिडिओ निघतो, त्याच्या आधीच दुपटं कपाटात जायला हवं.

आपल्या घरांमधे बाळ आईच्या कुशीत झोपतं, वेगळा क्रिब, म्हणजे बाळाचा छोटा पलंग, नसतो, हे मला माहितीय. तर मग निदान कुशीत घेताना गुंडाळलेलं घेऊ नका. शेजारी पांघरूण, उशी, दमलेली आई, आणि त्यात हात बांधलेलं बाळ, हे नको. साडीच्या झोळीतही गुंडाळलेलं बाळ नको, झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. आणि ते वजन भरलेले, मणी घातलेले स्वॅडल ऑनलाइन मिळतात ना, "मिठीत घेतल्यासारखं वाटतं" असं लिहिलेले, ते घेऊच नका, बाळाच्या छातीवर वजन ठेवायचं नसतं.

उकाडा आणि थंडी

नागपूरचा मे आणि महाबळेश्वरचा डिसेंबर ह्यांना एकच नियम कसा लागेल. पण आमच्याकडे मे महिन्यात बाळं येतात, अंगात झबलं, वर स्वेटर, वर दुपटं, डोक्याला कुंची, पायात मोजे, मानेला घामोळं, आणि आई म्हणते ताप आलाय. उघडून पंख्याच्या हवेत अर्धा तास ठेवलं की बऱ्याचदा थर्मामीटर खाली येतो. दुपटं हाही एक कपडाच आहे, तो धरून मोजायचं. उन्हाळ्यात लंगोट आणि मलमलचं एक पातळ दुपटं पुष्कळ झालं. हातपाय गार आहेत म्हणून आणखी कपडे घालू नका, नवजात बाळाचे तळहात तळपाय गार असतातच, मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा, ते कोमट हवं, चिकट किंवा घामट नको. खरा ताप असेल तर गुंडाळायचं नाही, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. कुंची बाहेर नेताना ठीक, घरात झोपताना काढा, बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनही बाहेर टाकतं.

कमी वजनाच्या बाळांचं गणित उलट असतं. ती पटकन गार पडतात आणि गार पडणं त्यांना फार महागात जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, त्यांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, त्यात बाळाला उबदार ठेवायला पांघरूण आणि झोपायची पिशवी वापरणंसुद्धा होतं, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. उबेसोबत त्यात जंतुसंसर्गावरचे उपचार आणि बरंच काही होतं. पुढे देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघायला लागल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, त्यामागे हेच काम आहे. आशाताई आल्या की गुंडाळणं त्यांनाच दाखवा, त्यांना विचारा.

आणि एक सांगते, कमी वजनाच्या बाळासाठी कुठल्याही दुपट्यापेक्षा आईची उघडी छाती बरी. कांगारू पद्धत म्हणतात, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली कारण तिथे बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. बाळाच्या अंगावर फक्त टोपी आणि लंगोट, आईच्या छातीला छाती, वरून पदर, पाय आपोआप बेडकासारखे. २०२१ मधे भारतासह पाच देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एक किलो ते सुमारे पावणेदोन किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच असं ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. वडिलांनीही करावं. आमच्या कक्षात पहिल्यांदा शर्ट काढून बसताना सगळे लाजतात, नंतर उठायला तयार नसतात.

दूध

भूक लागली की बाळ आधी हात तोंडाकडे नेतं, बोटं चोखतं, तोंड इकडेतिकडे वळवतं. रडणं ही शेवटची खूण. हात बांधलेले असले की मधल्या खुणा दिसतच नाहीत, आणि गाढ झोपलेलं बाळ चार-चार तास उठत नाही, मग आई खूश की किती शहाणं बाळ, आणि आठव्या दिवशी वजन भरत नाही. पहिल्या महिन्यात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. पाजताना दुपटं पूर्ण सोडा, बाळाचा हात आईच्या अंगावर फिरू दे. दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून.

मग नेमकं गुंडाळायचं कसं

कॉटनचं किंवा मलमलचं चौकोनी कापड, साधारण मीटरभर, पलंगावर पतंगासारखं टाका. वरचं टोक आत दुमडा, त्या दुमडीवर बाळाचे खांदे येतील असं उताणं ठेवा, मान आणि डोकं कापडाच्या बाहेर. हात खाली ताणून सरळ करू नका, कोपरात वाकवून छातीवर आणा, पंजे हनुवटीच्या जवळ, बऱ्याच बाळांना असंच आवडतं. एक बाजू छातीवरून घेऊन पाठीखाली खोचा, मग दुसरी. छाती आणि कापड ह्यांच्यात आपली दोन बोटं सहज जायला हवीत, नाहीतर बाळाला पूर्ण श्वास घेता येत नाही. खालचं टोक नुसतं सैल वळवून मागे खोचा, आत पिशवीसारखी जागा राहिली पाहिजे. आता बाहेरून हात लावून बघा, बाळ गुडघे वर घेऊन मांड्या बाहेर टाकू शकतंय का. टाकत असेल तर जमलं. नाडी, पट्टी, सेफ्टीपिन काही नको. कापड सुटून तोंडावर येत असेल तर परत गुंडाळा, आणि येतच राहिलं तर त्या बाळाला गुंडाळू नका, त्याला ते नको असेल. काही बाळांना पहिल्या दिवसापासून आवडत नाही, त्यांच्यावर जबरदस्ती करायचं काहीच कारण नाही.

विकतचं वेल्क्रोवालं घ्यायचं असेल तर खालची पिशवी रुंद आहे का एवढंच बघा. निमुळती शेंगेसारखी असेल तर ती नाडीच झाली, फक्त महागातली.

पालथं पडायची चिन्हं अजून दिसली नसतील तर बंद करताना एकदम नको. तीन-चार रात्री एक हात बाहेर, मग दुसरा, मग कमरेखालचं सैल राहिलेलं तेवढं काढून टाकायचं. त्या चार रात्री बाळ जास्त उठतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे आईला वाटायला नको की आपलं काही चुकलं.

त्या सुरुवातीच्या आजी १४ आठवड्यांच्या लसीला बाळाला घेऊन आल्या होत्या. बाळ दुपट्याशिवाय, दोन्ही मुठी तोंडात, मांडीवर बेडकासारखं पसरलेलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "सिस्टर, ती नाडी मच्छरदाणीला लावली."